वय विचारू नका, ब्रेक दाबून पाहा

"इंदूर काय उगाच पहिलं येतं? घराघरापुढे असली खटारी उभी राहिली, तर येईल का?" आमच्या कॉलनीच्या बैठकीत सचिवांनी हा प्रश्न केला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, कारण ताडपत्रीखालची ती खटारी माझी होती. 1978 ची प्रीमियर पद्मिनी. जे शहर 2017 पासून स्वच्छतेत अव्वल नंबर टिकवून आहे, तिथे हा आरोप हलका नसतो. इथे रस्त्यावर चहाचा कप टाकला तरी पानवाला टोकतो. माझ्या बचावाला कोपऱ्यावरच्या घरातला एक तरुण उठला. "काका, खटारी नाही हो, वारसा आहे तो." झालं. पुढचा अर्धा तास भंगार विरुद्ध वारसा असा सामना रंगला. कुणी प्रदूषण काढलं, कुणी होळकरांच्या मोटारी काढल्या, कुणी वडिलांच्या फियाटमधून ओंकारेश्वरला गेल्याची आठवण सांगितली. पोहे संपले, चहा आला, ठराव पुढच्या महिन्यावर गेला. आणि त्या अर्ध्या तासात एकाही माणसानं मला विचारलं नाही की तुमच्या गाडीचे ब्रेक लागतात का.

हा वाद आमच्या कॉलनीपुरता असता तर मी लिहायला बसलो नसतो. जुलै 2025 मध्ये दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असा हुकूम निघाला आणि लोकांच्या संतापापुढे काही दिवसांतच थांबवावा लागला. त्या दिवसांतली भांडणं आठवून पाहा. एका बाजूनं कॅलेंडर दाखवलं, दुसऱ्या बाजूनं आठवणी. माझ्या मते दोघांचाही प्रश्न चुकला. गाडीचं वय विचारून काही कळत नाही. विचारायचं ते असं: तिची अवस्था काय आहे, ती चालते किती, आणि तिच्यावर झालेल्या कामाला जबाबदार कोण. पडवीत जुनी गाडी उघडून बसलेल्या माणसाला आज आपण एक तर कबाडी समजतो, नाही तर छोटा महाराजा. तो कारागीर आहे. कारागिराला जे लागू तेच त्याला लागू करा: काम करू द्या आणि केलेलं काम तपासून घ्या.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. "पंधरा वर्षांनी गाडी भंगारात द्यायची असा कायदाच आहे," असं बैठकीत तिघांनी छातीठोकपणे सांगितलं. तो नियम दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी परिसराचा; हरित लवादाच्या आदेशातून आलेला आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरलेला. 2025 मध्ये त्याच न्यायालयानं तो काहीसा सैल केला. मध्य प्रदेशात खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. या वाढीचं शुल्क एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 वर गेलं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी 10,000 झालं. म्हणजे सरकारनं जुनी गाडी बंद केलेली नाही, फक्त महाग केली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी 2021 पासून वेगळा व्हिंटेज वर्ग आहे: नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, आणि अटी अशा की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको आणि गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. माझी पद्मिनी 2028 पर्यंत यातल्या कशातच नीट बसत नाही. वारसा म्हणायला ती पोरसवदा आणि गाडी म्हणायला म्हातारी. गंमत अशी की घरोघरी ज्यांवर काम चालतं त्या बहुतेक गाड्या याच वयाच्या असतात: ऐंशीच्या दशकातल्या पद्मिनी, पहिल्या मारुती 800, कॉन्टेसा, जिप्सी.

आता विरोधकांचं म्हणणं, आणि ते पातळ करून मांडायची माझी इच्छा नाही. धुराचा मुद्दा खरा आहे. पीयूसीच्या तपासणीत बीएस-दोनच्या (बीएस म्हणजे धुराच्या सरकारी मानकाची पायरी, आकडा मोठा तितकी कडक) आधीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. बीएस-चारच्या मोटारीला 0.3 टक्के. म्हणजे माझी गाडी काठावर पास झाली, तरी शेजारच्या दहा-बारा वर्षांच्या गाडीच्या दहापट विष सोडून पास होते. तिच्यात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, कार्बोरेटर आहे, आणि कार्बोरेटर म्हणजे अंदाजपंचे पेट्रोल ओतणारा आचारी. "नीट ट्यून केली की जुनी गाडी नवीइतकीच स्वच्छ चालते," असं आमचे काही छांदिष्ट सांगतात. ते खोटं आहे. आणखी एक आवडता युक्तिवाद असा की नवी गाडी बनवताना काही टन कार्बन हवेत जातो, म्हणून जुनी वापरणं हेच पर्यावरणप्रेम. यात अर्धं सत्य आहे. वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणाऱ्या जुन्या गाडीच्या नाकातोंडातून निघणारा धूर या हिशेबात धरलेलाच नसतो, आणि इंदूरच्या पलासिया चौकात संध्याकाळी सात वाजता उभ्या असलेल्या माणसाच्या फुप्फुसाला कारखान्यात वाचलेल्या कार्बनचं काही देणंघेणं नसतं.

पण मग हाच हिशेब पुढे न्यायला नको का? माझी गाडी गेल्या वर्षी सहाशेच्या आसपास किलोमीटर चालली. रविवारी सकाळी राऊपर्यंत, एकदा महेश्वरला, बाकी पडवीतून अंगणात. दहापट धूर आणि विसावा भाग पल्ला, हे गणित चौथीतलं पोरही सोडवेल. उलट ज्यानं हीच पद्मिनी रोज कचेरीला नेली, त्याच्याविरुद्धचा आक्षेप पूर्ण बरोबर आहे, आणि अशा गाड्यांच्या नोंदणीवर वर्षाच्या किलोमीटरची मर्यादा घातली तर मी हात वर करून पाठिंबा देईन. आमच्या मंडळींना हे आवडत नाही. पण छंद म्हणायचं आणि रोजचं वाहन म्हणून वापरायचं, या दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि त्याला मी स्वतः पुरावा आहे. गाडी घेतली तेव्हा मी अगदी नवशिक्यासारखा वागलो. आधी बंपरला क्रोम करून घेतलं, डॅशबोर्डची काच बदलली, सीटना रेक्झिन चढवलं. ब्रेक "लागत होते". एका सकाळी कॉलनीच्या वळणावर, वेग पंधराचा असेल नसेल, पेडल दाबलं आणि ते लोण्यात सुरी जावी तसं थेट फळीला टेकलं. मागच्या डाव्या चाकातल्या व्हील सिलिंडरचं, म्हणजे तेलाच्या दाबानं ब्रेक लावणाऱ्या नळीचं, रबर फाटलं होतं. आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात, एक गेला तर दुसरा अर्धी तरी गाडी थांबवतो. माझ्या गाडीत मार्ग एकच. एका चाकाचं तेल गेलं की चारही चाकं मोकळी. हँडब्रेक ओढला, गाडी तिरकी झाली आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगात नाक खुपसून थांबली. ढिगापलीकडे दूधवाला सायकल घेऊन उभा होता. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. त्या नजरेनंतर मी वर्षभर गाडी हलवली नाही. त्यात सीट बेल्ट नव्हता, समोरून धडक बसली तर चुरगळून धक्का शोषणारा भाग नव्हता, स्टीअरिंगचा दांडा भाल्यासारखा छातीकडे रोखलेला. या गाड्या त्यांच्या काळातही सुरक्षित नव्हत्या, हे कबूल करायला काय हरकत आहे?

मग मी निष्कर्ष कोणता काढावा? गाडी भंगारात घालावी? ब्रेकचं रबर 1978 चं असतं तर वयाला दोष दिला असता. ते रबर तीन वर्षांपूर्वीचं होतं. आधीच्या मालकानं एका गॅरेजात बसवून घेतलेलं, सिलिंडर आतून घासून न घेता. गंजलेल्या नळीत नवं रबर घातलं की ते किसणीवर गाजर ठेवल्यासारखं झिजतं. हे मला तेव्हा कळलं जेव्हा मी चाक काढून, घोडीवर गाडी चढवून, स्वतः तो सिलिंडर हातात घेतला आणि आत बोट फिरवलं. बोटाला खरखरीत लागलं. त्या खरखरीला वय नसतं. चार वर्षांच्या गाडीतही ती असू शकते, आणि तिथे ती कुणी पाहत नाही, कारण ती गाडी नवी आहे.

या मुद्द्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण घरी केलेल्या कामाबद्दलचा सगळ्यात मोठा संशय इथेच आहे. "असली कामं जाणकारांकडूनच करून घ्यावीत, हौशी माणसानं हात घालू नये," हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. माझ्या गाडीच्या पायाखालचं रबरी मॅट मी उचललं तेव्हा पत्रा छान काळा चकचकीत होता. स्क्रूड्रायव्हरनं सहज टोचलं तर तो आत गेला आणि खाली जमीन दिसली. वरचा थर डांबराचा. त्याखाली पुट्टी. पुट्टीखाली घडी घातलेलं वर्तमानपत्र, त्यावर कुठल्याशा साडी सेलची अर्धी जाहिरात. पत्रा नव्हताच. हे काम हौशी माणसाचं नव्हतं, पैसे घेऊन, पावती देऊन केलेलं होतं. डेंटरला गिऱ्हाईक संध्याकाळी गाडी मागतं, चकाकी पाहून पैसे देतं, आणि मॅटखाली कधी पाहत नाही. मग त्यानं पत्रा कापून नवा का जोडावा? घरी काम करणाऱ्याला ही घाई नसते आणि फसवायला गिऱ्हाईकही नसतं. जमीन फाटली तर त्याच्याच पायाखालची फाटणार. मी तो भाग कापून काढला, गंज चांगल्या पत्र्यापर्यंत घासला, अठरा गेजचा तुकडा पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून कापला. वेल्डिंग मात्र मी केलं नाही. त्यासाठी उस्ताद आले. त्यांनी माझ्या कापणीकडे पाहून मान हलवली आणि म्हणाले, "भिया, काम तो सीधा है, हाथ टेढ़ा है." हौशी आणि धंदेवाईक यांच्यात मला तरी एवढाच फरक दिसला: त्यांचा हात सरळ असतो, आपल्याकडे वेळ असतो. दोन्ही एकत्र आले तर गाडी उभी राहते.

आता वारशाच्या बाजूकडे वळतो, कारण माझ्या बाजूचे लोकही कमी गोंधळ घालत नाहीत. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा ज्यांनी गळा काढला, त्यांतल्या कितीजणांनी गेल्या पाच वर्षांत रांगेतली नवी टॅक्सी सोडून मुद्दाम ती धरली होती? आठवण ही खासगी मालमत्ता आहे. तिच्या जोरावर सार्वजनिक रस्ता मागता येत नाही. आणि इंदुरात तर हा युक्तिवाद थेट राजवाड्यावर जाऊन थांबतो. यशवंतराव होळकर दुसरे यांच्या मोटारी म्हणजे आमच्या शहराचा अभिमान. त्यांची ड्युसेनबर्ग जगभरच्या शौकिनांना ठाऊक आहे. पण ती गाडी "मूळ रूपातली" म्हणजे काय? चेसिस आणि इंजिन अमेरिकेतून आलं, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगनं महाराजांच्या मर्जीप्रमाणे बांधली. त्या काळी मोठ्या गाड्या अशाच होत. कंपनी सांगाडा द्यायची, बाकी मालकाची हौस आणि कारागिराचा हात. आज ज्याला आपण हात जोडतो तो वारसा त्या काळातला मॉडिफिकेशनच होता, फक्त बिल मोठं होतं. मग व्हिंटेजच्या नियमात "फेरफार नको" म्हणताना आपण नक्की कुठल्या दिवशीची गाडी गोठवतो आहोत?

राजवाड्याचंच पाहा ना. तो तीनदा जळाला: 1801 मध्ये, 1908 मध्ये आणि 1984 मध्ये. मागचा भाग या शतकात, जुन्या धाटणीनं, दगड-विटा-लाकडात पुन्हा उभा केला. संध्याकाळी त्याच्यासमोर सेल्फी काढणाऱ्या कुणाला वाटतं का, की हा नकली राजवाडा आहे? अहिल्याबाईंनी 1780 मध्ये काशीचं विश्वनाथाचं देऊळ उभारलं, सोमनाथला पडक्या देवळाजवळ नवं बांधलं. त्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. मूळचा दगड न् दगड तोच असावा, हा हट्ट त्या शब्दात नाहीच. जीर्ण झालेल्याला पुन्हा कामाला लावणं आहे. मराठीत या कामांची उतरंड छान आहे. डागडुजी म्हणजे गळतं तिथे लावणं. दुरुस्ती म्हणजे बिघडलेलं बरोबर करणं. जीर्णोद्धार म्हणजे मोडकळीला आलेलं नव्यानं उभं करणं, मग त्यात काही नवं येणारच. इंग्रजी जाणणारे छांदिष्ट 'रिस्टोरेशन' पवित्र आणि 'मॉडिफिकेशन' पाप अशी वाटणी करतात. मी माझ्या पद्मिनीत सीट बेल्ट बसवले आणि वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला टिकतील असे नवे रबरी पाइप घातले, कारण जुने रबर त्यात फुगून भेगाळतं. ही पवित्र गोष्ट झाली की पाप? मला विचाराल तर त्या दूधवाल्याला विचारा.

मॉडिफिकेशनचा खरा तिढा कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं की नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे पडतील असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठणकावून सांगितलं. मान्यताप्राप्त किट लावून इंधन बदलणं, अपंग व्यक्तीसाठी गाडी जुळवून घेणं, परवानगीनं इंजिन बदलणं, अशा मोजक्या वाटा मोकळ्या आहेत. बाकी बदलाला 2019 च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. यामागचं कारण मला मान्य आहे. रात्री अकराला फटाके फोडत जाणारे सायलेन्सर, समोरच्याला आंधळं करणारे पांढरे दिवे, फेंडरबाहेर आलेली रुंद चाकं: ज्यांनी हे केलं त्यांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडाला काळं फासलं. पोलीस असे सायलेन्सर रोलरखाली चिरडतात तेव्हा मला जराही वाईट वाटत नाही.

पण कायद्याची नजर बदल चांगला की वाईट हे पाहत नाही, बदल कुणी केला ते पाहते. याचं उत्तम उदाहरण आपल्या दाराशी आहे. इंदूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर पीथमपुरात हिंदुस्थान मोटर्सनं इसुझूच्या तंत्रावर इंजिनं बनवली. ती कॉन्टेसात बसली, नंतर अँबॅसडरमध्येही. कॉन्टेसाचं शरीर व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं, अँबॅसडरचं मॉरिस ऑक्सफर्डचं, म्हणजे 1950 च्या दशकातल्या ब्रिटिश नक्षीचं. इंग्रज धड, जपानी काळीज आणि माळव्यातला हात. कंपनीनं हे केलं तेव्हा त्याला नवं मॉडेल म्हटलं गेलं आणि जाहिराती झळकल्या. हेच कुणी घरी केलं तर गुन्हा. उत्तर तयार असतं: कंपनीनं सरकारी चाचण्या करून मान्यता घेतली होती. अगदी बरोबर! मग तो दरवाजा एकट्या माणसासाठीही उघडा ना. जर्मनीत तीस वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक म्हणून वेगळी पाटी मिळते, आणि त्या काळाला साजेसे बदल असले तरी तपासनीस पाहून ठरवतो. एरवीही बदललेला भाग तपासून गाडीच्या कागदांवर चढवला जातो. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या गाडीसाठी एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी आहे. आपल्याकडे पीथमपुरातच नॅट्रॅक्स हे गाड्या तपासायचं सरकारी केंद्र आहे: सुमारे 3000 एकर, 11.3 किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक, जून 2021 मध्ये उद्घाटन झालेला. तिथे कंपन्यांच्या गाड्या ब्रेक दाबून पाहिल्या जातात. महिन्यातला एक दिवस घरगुती गाड्यांना देऊन, फी घेऊन, जी नापास होईल ती परत पाठवली तर काय बिघडेल? "इतक्या किरकोळ लोकांसाठी कोण व्यवस्था उभारणार," असं म्हणतील. पण किरकोळ लोक बदल करतातच. आज ते लपून करतात, म्हणून वाईट करतात.

हा श्रीमंतांचा चाळा आहे, हा आक्षेप मी पटकन निकालात काढतो. राजवाड्यासमोरच्या रॅलीतल्या गाड्या पाहून तसं वाटणं साहजिक आहे. पण मी ज्यांना ओळखतो त्यांत एक निवृत्त तारमास्तर आहेत, एक पॉलिटेक्निकचे शिक्षक, एक किराणा दुकानदार जो पीथमपुरातच बनलेली वडिलांची कायनेटिक होंडा जिन्याखाली दुरुस्त करतो. पद्मिनीचे सुटे भाग जपणारे आणि सियागंजातून पान्हे घेणारे हे लोक. महागडी गाडी असणारा माणूस स्वतः खाली झोपून तेल अंगावर घेत नाही, तो ड्रायव्हर पाठवतो.

आणि यातून समाजाला काय मिळतं, असंही विचारलं गेलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. सायकली विकायच्या आणि दुरुस्त करायच्या. त्यातून कडबा कापायचं यंत्र आलं, 1903 मध्ये लोखंडी नांगर आला, आणि लोखंडानं जमीन नासते असं म्हणत शेतकऱ्यांनी तो आधी नाकारला. मी कुणी किर्लोस्कर नाही आणि माझ्या पडवीतून नांगर निघणार नाही. हा दाखला देताना आमचे लोक स्वतःलाही त्या रांगेत उभं करतात ते हास्यास्पद आहे. मला त्यातलं लहानसं तेवढंच घ्यायचं आहे: दुसऱ्याचं यंत्र उघडून पाहण्याची सवय. आजची गाडी बिघडली की लॅपटॉप जोडतात, तो एक आकडा दाखवतो, पूर्ण भाग बदलतात. माझ्या भाचीला मी डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे इंजिनात ठिणगी वाटणाऱ्या डब्याचं, झाकण काढून आतले पॉइंट दाखवले. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतर, फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पट्टीची, पाती त्यातून घासत पण अडकू न देता सरकली पाहिजे. तिनं इंजिन हातानं फिरवत तीनदा ते अंतर चुकवलं, चौथ्यांदा जमलं. किल्ली फिरवली, गाडी खोकली आणि चालू झाली. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ठिणगी कुठे पडते हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, असं ती म्हणाली. तिच्या कॉलेजला मी दोष देत नाही. तिथल्या गाड्यांना झाकणंच नसतात.

राहता राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न, ज्यावरून हे सगळं सुरू झालं. सचिव यात बरेचसे बरोबर आहेत आणि मी त्यांना तसं सांगितलं. ताडपत्रीखाली सहा महिने न हललेली, टायर बसलेली, खाली मांजर व्यायलेली गाडी म्हणजे छंद नव्हे, ती आळसाची निशाणी आहे. रस्त्यावर उभी केलेली तर सरळ अतिक्रमण. तेलाचे डाग फरशीवर, पावसात ते वाहत गल्लीभर, रविवारी सकाळी सातला ग्राइंडर: शेजारी काय म्हणून सोसतील? मी आता गाडीखाली पत्र्याची परात ठेवतो, जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजला देतो, ग्राइंडर दहानंतर. सचिव म्हणाले, "हे लिहून द्या." दिलं. त्यांनी माझ्याकडून पीयूसीची प्रतही मागितली. ती पाहून त्यांनी विचारलं, "1.4 म्हणजे चांगलं का वाईट?" मी म्हटलं, माझ्यासाठी चांगलं, तुमच्या गाडीसाठी फार वाईट. ते हसले नाहीत.

पुढच्या मार्चमध्ये माझ्या नोंदणीची मुदत संपते. दहा हजार भरायला माझी तक्रार नाही. मागच्या खेपेला ज्या साहेबांपुढे गाडी उभी केली, त्यांनी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, नंबर उमटला, तो पुस्तकाशी ताडला. हॉर्न वाजवून पाहिला. बंपरच्या क्रोमवर हात फिरवून म्हणाले, "मस्त ठेवली आहे." आणि सही केली. दार उघडून ते आत बसले असते आणि एकदा पेडल दाबलं असतं, तर त्या महिन्यात ते फळीला टेकलं असतं. वाळूच्या ढिगाचा दिवस त्यानंतर अकरा दिवसांनी आला.